रिकामा कोलेट

प्रिय ठिणगी,

चावी मी हरवलेली नाही. तसं मला कुणी विचारलेलं नाही अजून. पण तुझा बाप परवापासून ज्या नजरेने माझ्या स्टुलाखाली बघतोय, त्यावरून प्रश्न ओठांवर आलाय आणि विचारायची टाप नाही एवढं कळतंय, म्हणून आधीच सांगून टाकते. माझ्या हातून या कारखान्यातली टाचणीसुद्धा आजवर हरवलेली नाही. त्याने शेजारच्या वेल्डरवर डाफरून घेतलं, कोपऱ्यातला लोखंडाचा कीस उपसून झाला, लेथ मशीनच्या पोटाखाली बॅटरी मारून झाली, आता छताच्या पत्र्यांकडे बघतोय. चकची चावी उडून छताला चिकटते का गं? बघू दे. मान मोकळी होईल.

तुला आठवते ना ती चावी? आडव्या दांड्याची, चौकोनी तोंडाची, तुझ्या आजोबांनी कानशीने घासून घासून बसवलेली. चकच्या भोकात घालून फिरवली की तीनही जबडे एकदम कापायच्या तुकड्यावर, जॉबवर, येऊन बसतात. दुसरी कुठलीच चावी त्या भोकात बसत नाही. भोक झिजून वाकडं झालंय आणि चावी त्याच्याच मापाने वाकडी. आजोबा म्हणायचे, नवरा-बायको आहेत दोघं, तिसऱ्याने मधे पडू नये.

पत्र लांबणार आहे. तुझ्या आत्याची शाळा चौथीत सुटली, तेव्हा चुका काढत बसू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि मागे भलत्याशीच बोलतेस, आणि इकडे तुझा बाप भिंतीला कान लावून. सोबत जे फडक्यात बांधलेलं आहे ते पत्र वाचून झाल्यावर सोड. तुझी सवय मला माहीत आहे म्हणून सांगते. खायचं काही नाही त्यात.

पहिलं म्हणजे तुझ्या बापाच्या नावाने आलेलं ते पार्सल. ते मी उघडलं नव्हतं, ते कोपऱ्याला आपणच फाटलं होतं, आणि फाटलेल्या जागी कुणाचंही बोट जातं. वर पाठवणाऱ्याचं नाव नाही. पण शेवटच्या अक्षराला शेपूट काढायची खोड या घरात एकीलाच आहे, आणि ती शेपूट मी तू पाटी घेऊन बसायचीस तेव्हापासून बघत आलेय. आत लाकडी पेटी, पेटीत खाचा, आणि खाचांत लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने कोलेट, सळई धरायच्या त्या पाकळ्यांच्या पोलादी नळ्या. नवे कोरे, तेलकट कागदात गुंडाळलेले. मी म्हटलं, हे काय आणि? ज्या माणसाने जन्मभर कोलेटच्या नावाने नाक मुरडलं, त्याला अख्खा संच? आणि तोही लेकीने गुपचूप धाडलेला? तू त्या मोठ्या कारखान्यात काचेआडच्या मशीनवर गेलीस तेव्हापासून तुम्ही दोघं माझ्यादेखत हवापाण्याच्या पलीकडे बोलत नाही. मग माझ्या पाठीमागे काय बोलता? तिथेच डोक्यात किडा शिरला.

कोलेट विकायला आलेला तो एजंट तुला आठवत असेल. गळ्यात टाय, घामाने भिजलेला. खिशातून कोलेट काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, साहेब, चक जॉबला तीन ठिकाणी चावतो, हा चोहोबाजूंनी कवटाळतो. डाग नाही, ओरखडा नाही, जॉब केसभर हलायचा नाही. मागचा दांडा ओढला की मिटला, सोडला की उघडला. तुझा बाप म्हणाला, कवटाळायला घरी माणसं आहेत, मला जॉब धरायचाय. आणि बारा मिलीचा कोलेट बारा मिलीचीच सळई धरणार, जरा जाड आली की तोंड वाकडं करणार? असले नखरे जावयाचे असतात, मशीनचे नव्हेत. चहा पाजून वाटेला लावलं बिचाऱ्याला. मग माझ्यापुढे आपला पंजा नाचवला. हा बघ ताई, हा माझा कोलेट. सगळ्या मापांचा.

हे लक्षात ठेव. मीही ठेवलं होतं, पण उपयोग उशिरा झाला.

आजोबांकडे मात्र चार जुने कोलेट होते, बारीक पिना करायला. त्यांचा नियम तुला पाठच असेल. रिकामा कोलेट आवळायचा नाही. आत सळई असली की पाकळ्या तिच्यावर टेकतात आणि थांबतात. आत काही नसलं की मिटतच जातात, आणि एकदा का वेड्यावाकड्या मिटल्या की पोलाद असलं तरी पुन्हा धड उमलत नाहीत. मग तो कोलेट कशालाच सरळ धरत नाही, जॉब लटपटतो, फेकून द्यायच्या लायकीचा होतो. लेथजवळ नुसतं उभं राहायचं असलं तरी आधी हे म्हणून दाखवावं लागायचं. पुढे ती घरातली बोलीच झाली. कुणी नसलेल्या गोष्टीवरून कुणाचा जीव काढायला लागलं की, रिकामा कोलेट आवळू नकोस. आणि हे वाक्य या घरात सगळ्यात जास्त कुणी ऐकलंय? मी. दूधवाल्यावर मी आवळते, वरच्या भाडेकरूवर आवळते, तुझ्या त्या गोड बोलणाऱ्या मैत्रिणीवर आवळते. दूधवाला खरंच पाणी घालत होता हे नंतर निघालं, ते मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

तर मी बघायला लागले. कारखान्याचं दार सकाळी मी यायच्या आधीच आतून बंद. दार वाजवलं की, थांब ताई, साफसफाई चाललीय. जन्मात झाडू न धरलेला माणूस. मग मला कामं सुचवायला लागला. ताई, पोस्टात जाऊन ये. ताई, तेल संपलंय. ताई, वेल्डरकडे जरा बस, त्याला गप्पा मारायला कुणी नाही. वेल्डरला? तो माणूस झोपेतही बोलतो, त्याची बायको कानात कापूस घालून झोपते. मला तिथून हलवायचं होतं, एवढं न कळण्याइतकी मी बावळट नाही.

एक दिवस पोस्टातून आले तर लेथच्या डाव्या अंगाला, फिरत्या स्पिंडलच्या मागे, एक लांब दांडा बसवलेला. कोलेट ओढायचा. बसवणारा अजून तिथेच होता, पॉलिश केलेल्या बुटांचा, कीस तुडवायला लागू नये म्हणून बगळ्यासारखा पाय उचलून चालणारा. टेप लावून मशीन मोजत होता. फोटो काढले, चारी बाजूंनी. मी विचारलं, हे कोण? तर तुझा बाप म्हणतो, ओळखीचे आहेत. ओळखीचा माणूस माणसांचे फोटो काढतो, लेथचे नाही. त्या बूटवाल्याने जाताना मला हसून नमस्कार केला, तेव्हा तर खात्रीच पटली. मला हसून नमस्कार करणारा माणूस काहीतरी घेऊन जाणार असतो. मी मनाशी म्हटलं, विकतायत. बाप-लेक मिळून लेथ फुंकतायत, गिऱ्हाइकाला दाखवायला जरा नटवतायत, आणि मला कळेपर्यंत दाराला दुसऱ्याचं कुलूप लागलेलं असेल.

माझ्या स्टुलाची गोष्ट तुला कुणी सांगितली आहे की नाही, कोण जाणे. मी सासरहून एक पिशवी घेऊन परत आले तेव्हा तू पाळण्यात होतीस. काय झालं, का आले, हे कुणी विचारायच्या आत तुझा बाप वेल्डरकडून हे लोखंडी स्टूल करून घेऊन आला, लेथशेजारी खिडकीखाली ठेवलं, माझ्या हातात माप बघायचं गेज दिलं आणि म्हणाला, झालेले जॉब तू तपासायचे ताई, माझ्या हातात जॉब धरवतोय तोवर हे स्टूल इथून हलायचं नाही. बस, एवढंच. मीही रडले-बिडले नाही. पहिल्याच दिवशी त्याचे मूठभर जॉब बाद केले. तेव्हापासून मी तिथे आहे. म्हणून स्टुलाचा प्रश्न आला की माझं डोकं कसं चालतं ते समजून घे आणि तोंड वाकडं करू नकोस.

त्यात कपड्यांचं सुरू झालं. बटणांचे सदरे एकाएकी पेटीत गेले. गळ्यातून घालायचे बनियनसारखे रंगीत कपडे, वर चेनचं जाकीट. लेसचे बूट गेले, पाय सरकवायच्या चपला आल्या. दाढी घरी करायचा तो न्हाव्याकडे जायला लागला. मी म्हटलं, या वयात? तुझी आई जाऊन इतकी वर्षं झाली, आता पालवी फुटली का? मी कापडवालीच्या दुकानासमोरून मुद्दाम दोन चकरा मारल्या. तिने मला एक टॉवेल विकला, बाकी काही हाती लागलं नाही. चहाचा कप तर दोन्ही तळव्यांत धरून प्यायला लागला, कडाक्याच्या थंडीत धरतात तसा, आणि बाहेर ऊन मी म्हणतंय. हे सिनेमात बघितलेलं दिसतंय, असं मी वेल्डरला म्हणाले. वेल्डर म्हणाला, ताई, रिकामा कोलेट आवळू नका. आता तोही!

मग मशीनचा पट्टा आणायला म्हणून तो तुझ्याकडे येऊन गेला. परत आला तो पट्ट्याशिवाय, आणि कोपराच्या आत कापसाचा बोळा चिकटवलेला. विचारलं तर म्हणे मच्छर चावला. तुमच्या शहरात मच्छर चावल्यावर कापूस लावतात का गं?

आणि मग तो कोलेट सापडला. भंगाराच्या डब्यात, तळाशी, चिंध्यांत गुंडाळून, वर कीस लोटून. म्हणजे फेकलेला नाही, पुरलेला. तुझ्याच पेटीतला, बाराचा. तीनही पाकळ्या आत मिटलेल्या, एकीवर एक चढलेली. मी खिडकीत धरून बघितला तर तोंडातून उजेडसुद्धा धड येईना. रिकामा आवळलेला. आमच्या घरातलं माणूस हे करणारच नाही. लेथवर काल उभा राहिलेला नवशिकाच असली चूक करतो. म्हणजे माझ्या पाठीमागे या लेथवर कुणीतरी परका हात चालतोय. दार बंद करून तुझा बाप कुणाला तरी शिकवतोय, मशीन घेणाऱ्याला नाहीतर त्याच्या पोराला. सगळं जुळलं. बूटवाला, फोटो, पोस्ट, पार्सल, सगळं.

मी बोलले नाही. बोललं की माणसं सावध होतात. जॉबवर खुणा करायची ती निळी शाई आहे ना, हाताला लागली की साबणालाही दाद देत नाही, ती घेतली आणि संध्याकाळी निघताना त्या दांड्याच्या मुठीला खालच्या अंगाने फासून ठेवली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे हात बघत फिरले. वेल्डरचे काळे, ते नेहमीचेच. बूटवाला आला होता, त्याचे गोरे आणि स्वच्छ, नखंसुद्धा. न्हाव्याकडे डोकावले, कापडवालीकडे पुन्हा गेले आणि आणखी एक टॉवेल गळ्यात पडला. कुणाचेच निळे नाहीत. निळा होता तो एकटा तुझा बाप. आता त्याने दांडा ओढला तर तो निळा होणारच, त्यात काय नवल? म्हणून मी आधी दुर्लक्षच केलं. पण जेवताना समोर बसला तेव्हा नीट दिसलं. मनगट निळं, तळव्याची कड निळी, आणि बोटं कोरी. पाचही. दांड्याची मूठ माणूस बोटांनी धरतो की नाही? याने मनगटाची आकडी करून ओढला होता, जड पिशवी अडकवतात तसा. मी म्हटलं हा काय नवा प्रकार. तरी डोक्यात उजेड पडला नाही बघ. संशय घ्यायचा ठरवला की मी जाड भिंतीतूनही बघते, पण नाकासमोरचं दिसत नाही.

ते दिसलं पंपवाला आला त्या दिवशी. आपलं जुनं गिऱ्हाईक, सगळ्यांच्या आधी स्वतःच हसणारा. दार उघडं, मी माझ्या स्टुलावर, तुझा बाप सळई कापत उभा आणि पंपवाला त्याच्याशी ओरडून बोलतोय. कापणाऱ्या टूलखालून कीस निघत होता, तापून निळा पडलेला, वेटोळी घेत. त्यातलं एक वेटोळं तुटलं आणि याच्या बोटांवर येऊन बसलं. बोटांच्या मधोमध. मी वाट बघितली की आता हा हात झटकेल, शिवी हासडेल. नाही. हा आपला पंपवाल्याला सांगतोय की बेअरिंग कुठलं घ्यावं. वेटोळं तिथेच. मग मला वास आला. कातडी जळल्याचा वास एकदा घेतला की ओळखायला चुकत नाही. पंपवाल्याच्याही नाकाशी गेला असावा, तो इकडेतिकडे बघायला लागला. मी उठले, गेले, फडक्याने त्याचा हात झटकला आणि म्हटलं, माशी बसली होती. त्याने बोटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग हात खिशात घातला. मी परत येऊन गेज पुसत बसले. पंपवाला म्हणाला, माशा फार झाल्यात या दिवसांत. मी म्हटलं, हो ना.

आणि ठिणगे, तेवढ्यात पंपवाल्याने ते काम काढलं. बिडाच्या मोठ्या चकत्या, पंपाच्या तोंडावर बसणाऱ्या, तुझ्या मांडीवर ठेवल्या तर उठता येणार नाही अशा. भोक पाडायचं, तोंड साफ करायचं. आता बारा मिलीच्या सळईचं काम कोलेट करतो, पण असलं धूड कोलेटात कसं जाणार? त्याला चकच पाहिजे. पंपवाल्याने विचारलं, जमेल ना? तुझ्या बापाने माझ्या स्टुलाकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, न जमायला काय झालं, हात आहेत ना.

त्यानंतर मी दाराच्या फटीतून बघितलं. होय, फटीतून. मला लाज नाही. तो सळई कोलेटात घालत होता. तुला माहीत आहे ती आत थांब्याला टेकते तेव्हा बोटांना टक् असं कळतं. कानाला नाही, बोटांना. त्याने घातली, ती पुरती गेली नाही, हळूच घसरून खाली ट्रेमध्ये पडली. मशीनच्या आवाजात पडलेलं काय ऐकू येणार. याचा हात तसाच पुढे, चिमूट मिटलेली, चिमटीत काही नाही, आणि दुसरा हात दांड्याकडे गेला. नशीब, या वेळी त्याने खाली बघितलं. मग मला त्या पुरलेल्या कोलेटचं कळलं. तेव्हा त्याने बघितलं नसणार. दांडा हलका लागला म्हणून पकड वाढवायचं मागचं कडं आवळलं असणार, तरी हलका म्हणून आणखी आवळलं असणार, आणि आत काहीच नाही. कारखान्यात कुणी परका नव्हता. तो नवशिका म्हणजे त्याचीच बोटं होती.

मग बाकीचं उलगडत बसायला वेळ लागला नाही. बटणं, लेस, दाढी, कप. तुझ्याकडे कुठला पट्टा आणायला आला होता तेही. आणि ते कोलेट तू का धाडलेस, बूटवाल्याने मशीन कशासाठी मोजलं तेही. दांडा ओढायला बोटं लागत नाहीत, मनगट पुरतं, धरायचं काम पोलाद करतं. हुशार आहेस. त्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. बोलणार आहे ते दुसऱ्याबद्दल. तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत की ताईला कळू द्यायचं नाही, ताई गोंधळ घालेल. मी? मी कधी गोंधळ घातला? मला साप चावला होता तेव्हा भाकऱ्या भाजून झाल्यावर सांगितलं होतं मी. त्याने का लपवलं ते मला कळतं. माझ्या हातात जॉब धरवतोय तोवर, असं बोलून बसलाय ना तो. येडा. पण तू? तुला तर सांगता आलं असतं.

आता त्याचे डॉक्टर काय म्हणाले, पुन्हा बोटं जागी होतील की नाही, ते तुमचं तुम्हाला माहीत. मला चक माहीत आहे. चक मनगटाने आवळता येत नाही. बिडाचं ते धूड जबड्यांत अर्धवट आवळलं आणि मशीन सुरू केलं, तर ते सुटल्यावर ओळखपाळख ठेवत नाही. चावी चकमध्येच राहिली आणि बटण दाबलं, तर तीही नाही. ज्या माणसाला आपली कातडी जळलेली कळत नाही, त्याला चावी नीट बसलीय की नाही हे कोण सांगणार? मी त्याला थांबवायला गेले तर तो ऐकणार नाही, उलट मला दाखवायला म्हणून पहिल्यांदा चकच चढवेल. मला त्याच्यासाठीच गप्प बसायचंय. तो जोवर सांगत नाही तोवर मला काही माहीत नाही.

चावी सापडेना म्हणून काल तो नवी करायला बसला. चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये धरला, कानशी घेतली. मी खिडकीखाली पाठ करून बसले होते, पण कानशीचा आवाज मला लहानपणापासून कळतो. आजोबांची चालायची ती करवतीसारखी एका लयीत. याची घसरत होती. घसरली, उचलली, पुन्हा घसरली. बोटांची सालं निघाली तेव्हाही थांबला नाही, त्याला कळलंच नसणार. मग म्हणाला, हे पोलादच बेकार आहे ताई, हल्ली धड माल मिळत नाही. मी म्हटलं, हो, बेकारच आहे. तेव्हा एकदा वाटलं होतं की उठावं आणि देऊन टाकावी.

होय, देऊन टाकावी. फडकं सोड आता. हरवलेली नाही असं म्हणाले होते मी, घेतली नाही असं कुठे म्हणाले? पंपवाला माल उतरवून गेला त्याच संध्याकाळी काढून घेतली आणि या पत्रासाठी ठेवून दिली. वेल्डरची चावी त्या भोकात फिरते, बसत नाही, आणि नवी त्याच्याच्याने होणार नाही. तेव्हा तो चक आता तुझ्याशिवाय आवळला जायचा नाही. सुट्टी काढ, साहेबाला काय थाप मारायची ती मार, आणि ये. आल्यावर सांग की तुझ्या सामानात सापडली, लहानपणी खेळायला घेतली असेल, काहीही सांग, त्याला खरं वाटलं नाही तरी तो विचारणार नाही. चकत्या तू चढव, चावी तू फिरव, तो शेजारी उभा राहून तुला शिव्या घालेल. शिव्या घालायला बोटं लागत नाहीत. तू परत गेलीस तरी आणि राहिलीस तरी कोलेटात सळई मी घालत जाईन, माझ्या बोटांना अजून टक् कळतं. आणि माझ्या स्टुलाची काळजी दोघांनीही करू नका, मी उभी राहून काम करू शकते. एवढं मात्र तुझ्या बापाला कधीतरी ऐकव की या वेळी मी आवळला तो रिकामा नव्हता. बाकी मला कधी कळलं, मी रडले का, त्याला माझ्याबद्दल किती माहीत आहे, यातलं काही विचारू नकोस. मी सांगणार नाही.

स्टुलावरून, तुझीच
आत्या